बावीस की चोवीस

मिलिंद, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी म्हणूनच तोंड मिटून बसले. एकेक जण उठत होता आणि बोलत होता. मनमिळाऊ होता, हसतमुख होता, कधी कुणाला त्रास दिला नाही. तिसऱ्या रांगेत पांढरी साडी नेसून बसलेली मी मनात म्हणत होते, अरे, मला विचारा ना. तुझी बहीण करुणा जवळ येऊन हळूच म्हणाली की ताई, तुम्हीही दोन शब्द बोला. मी नको म्हटलं. माझे दोन शब्द तिथे शोभले नसते, आणि तुझ्या आईसमोर तर नाहीच. ते इथे लिहिते. तीन आठवडे झालेत, राग अजून ताजा आहे, तेवढ्यात लिहून घेते.

पहिला राग सरळ आहे. तू रक्ताचे नमुने गोळा करणारा माणूस. सकाळी सहापासून चेंबूर, गोवंडी, माहुल असा स्कूटरवर फिरून लोकांच्या दंडाला रबर बांधायचास. डेंग्यूचे दिवस आले की लोकांना दम द्यायचास, ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर टेस्ट करायचीच, अंगावर काढायचा नाही. आणि स्वतःला ताप आला तेव्हा काय म्हणालास? व्हायरल आहे यार, रविवारपर्यंत टुणटुणीत. चार दिवस तापाच्या गोळ्यांवर काढलेस. पाचव्या दिवशी दवाखान्यात तुझं रक्त दुसऱ्या कुणीतरी घेतलं, तोवर उशीर झाला होता. हे मी शंभर वेळा मनात घोळवलंय आणि प्रत्येक वेळी मला तुझ्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

दुसरा राग पत्त्यांचा आहे आणि तो लांबलचक आहे. घाटकोपरच्या ज्या स्पर्धेत खेळायचा नंबर तुझा होता, तिथे तुझ्या जागी मला आपला डेक घेऊन बसायचं होतं. तुझ्यासाठी करण्यासारखं तेवढं एकच काम उरलं होतं. स्पर्धा चार दिवसांवर आली आणि मला कळलं की डेक तुझ्या घरात नाहीच.

बाहेरच्या माणसाला आपलं हे प्रकरण समजावून सांगणं कठीण. पस्तिशी उलटलेली दोन माणसं, एक शाळेच्या ऑफिसातली क्लार्क आणि एक घरोघरी सुया टोचणारा, दर रविवारी दुपारी चेंबूरला एका दुकानाच्या पोटमाळ्यावर निम्म्या वयाच्या पोरांबरोबर पत्ते खेळतात. रमी नाही, तीनपत्ती नाही. परदेशी कंपनीने छापलेले, चित्रांचे पत्ते, हजारो प्रकारचे. त्यातले हवे ते साठ निवडून ज्याने त्याने स्वतःचा डेक बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढवायचा. माझी आई याला भिकेचे डोहाळे म्हणते. तिला किमती माहीत नाहीत तरी म्हणते. ज्या डेकने पोरं जिंकतात त्याच्या किमतीत गोवंडीत एखाद्या खोलीचं डिपॉझिट भरून होईल.

आपल्या दोघांच्या पगारात दोन डेक बसत नव्हते. एक बसत होता, तोही ओढूनताणून. म्हणून आपण दोघांत मिळून एकच बांधला आणि रविवार वाटून घेतले, एक तुझा, एक माझा. जो खेळत नाही त्याने मागे स्टुलावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा दुकानाचा नियम. तू तोंड उघडायचा नाहीसच. तू उसासे सोडायचास. मी चुकीचा पत्ता उचलला की मागून टायरमधली हवा गेल्यासारखा एक लांब श्वास ऐकू यायचा आणि समोरच्या पोराला कळायचं की माझ्या हातात याहून बरं काहीतरी आहे. तुझ्या उसाशांपायी मी किमान तीन डाव हरलेय.

आणि एक नियम आपला स्वतःचा. दोघांची संमती असल्याशिवाय डेकमधला एकही पत्ता बदलायचा नाही, आणि डेक तिसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. हा नियम माझा. शाळेच्या ऑफिसात सही-शिक्क्याशिवाय मी खडूचा खोकाही हलवू देत नाही, तर पत्ते कसे हलवू देईन? तू लगेच हो म्हटलंस. तुझं हो म्हणणं इतकं चटकन आलं होतं की तिथेच मी ते लिहून घ्यायला हवं होतं.

काटकसर मात्र तुझ्याकडून शिकावी. महिन्याच्या मोबाईल रिचार्जपेक्षा महाग असलेला पत्ता आपल्यासाठी छापलेलाच नाही, असं तू म्हणायचास. पोरं नवीन पाकिटं फोडायची, त्यातला चमकणारा एक पत्ता उचलायची आणि बाकीचे टेबलावर टाकून जायची. तू ते गोळा करायचास. प्रत्येकाला, हे नको ना तुला, असं विचारून. मला इतकी लाज वाटायची की मी जिन्याजवळ जाऊन उभी राहायचे. घरी गेल्यावर तू ते चादरीवर पसरायचास आणि मला फोन करायचास की सावंत, आजच्या मालात एक कासव सापडलंय, बघ कसलं चिवट आहे. आपल्या डेकमधले निम्मे पत्ते असे टेबलावरून उचललेले. त्यांची प्लॅस्टिकची कव्हरं चिकट झाली की तू ती पेटीतल्या स्पिरिटच्या कापसाने पुसायचास, त्यामुळे आपला डेक पिसला की दवाखान्याचा वास यायचा. पोरं नाक मुरडायची, पण हरायचीही.

का हरायची तेही तूच मला समजावलंस. श्रीमंत डेक सगळे इंटरनेटवरून उतरवलेले असतात, म्हणून एकासारखे एक. त्यांच्याकडे काय काय आहे ते बघत झुरायचं नाही. त्यांचं कशावाचून अडतं ते शोधायचं आणि नेमकं तिथे अडवून ठेवायचं. अडवणारे पत्ते स्वस्त असतात, कारण ते कुणाला नको असतात. मग आपली छोटी छोटी प्राणीमंडळी एकेक चावा घेत डाव संपवतात. हे ऐकून मी तुला पहिल्यांदा हुशार म्हटलं. शेवटचंही तेव्हाच म्हटलं असेन.

आता भांडणाचं मूळ. या खेळात काही पत्ते नुसते इंधनाचे असतात. ते स्वतः काही करत नाहीत, पण ते टेबलावर असल्याशिवाय बाकीचे पत्ते हातातून खाली ठेवता येत नाहीत. डेकमध्ये इंधन कमी ठेवलं तर हातात सगळं असून माणूस हात चोळत बसतो. जास्त ठेवलं तर नुसतं इंधनच येत राहतं. मी म्हणायचे साठात चोवीस हवेत. तू म्हणायचास बावीस. चोवीस ठेवून काय माहुलच्या रिफायनरीत टँकर भरायचेत, असं तू विचारायचास. मी म्हणायचे, बावीस म्हणणारा माणूस एक दिवस स्कूटर ढकलत घरी जाणार, आणि तू तसा दोनदा गेलास. दोघांची संमती होईना म्हणून तेवीस राहिले. पाच वर्षं तेवीस, आणि तेविसावर दोघंही नाखूश. दुकानात, बसस्टॉपवर, फोनवर, तुझ्या मावसभावाच्या लग्नात जेवणाच्या रांगेत, आपण बावीस की चोवीस यावर भांडलोय. करुणा म्हणायची, यांचं लग्न लावून द्या म्हणजे एकदाचे गप्प होतील.

तसं काही नव्हतं, हे तुला माहीत आहे आणि मलाही. तुझ्याशी लग्न केलं असतं तर आठवड्याच्या आत मी तुला तुझ्या आईकडे परत पाठवलं असतं. शिवाय लग्न या शब्दाचीच मला तेव्हा शिसारी होती. आपण हा डेक बांधायला घेतला तेव्हा माझा घटस्फोट चालू होता. त्या वर्षी जो तो मला विचारायचा, कशी आहेस, ठीक आहेस ना. तू कधी विचारलं नाहीस. तू विचारायचास, कासवं तीन ठेवायची की चार. त्या प्रश्नाचं उत्तर मला देता यायचं, म्हणून मी दर रविवारी जिना चढायचे. हे तुझे उपकार आहेत, मिलिंद. तोंडावर मी ते कधी मान्य केले नाहीत, कारण तू ते वर्षभर मिरवले असतेस. आता करते.

कागदांवर माझी शेवटची सही झाली त्या आठवड्यात दुकानाच्या काचेच्या कपाटात डोंगऱ्या आला. पत्त्यावर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण चित्रात डोंगराएवढा एक राक्षस गुडघ्यांवर हात ठेवून बसलाय, म्हणून आपण त्याला डोंगऱ्या म्हणालो. तो खाली उतरवायला सात इंधन लागतं. एकदा उतरला की समोरच्याचं काही खरं नाही. रिचार्जच्या नियमात तो बसणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, घ्यायचा. तू कपाटाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि पाकीट काढलंस. निम्मे पैसे तुझे, निम्मे माझे. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पैशाच्या बाबतीत तू वाद न घालता काही केल्याचं ते माझ्या आठवणीतलं एकमेव उदाहरण आहे.

तर घाटकोपर. पाच फेऱ्या, त्यातल्या चार जिंकल्या की बंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेला निवड. इतकी वर्षं आपण नाव घातलं नाही, कारण डेक एक आणि माणसं दोन, जाणार कोण यावरच गाडी अडायची. यंदा तू चिठ्ठ्या टाकल्यास आणि नंबर तुझा आला. मग ताप आला. दवाखान्यातून तू मला फोन केलास. आवाज खोल गेला होता, तरी विषय तोच. "सावंत, घाटकोपरला बावीस करतो. हो म्हण ना." मी म्हटलं, आधी बरा हो, मग नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी करुणाचा फोन आला.

दुकानवाल्याने आपणहून सांगितलं की मिलिंदच्या जागी तुमचं नाव घालता येईल, फक्त शनिवार संध्याकाळपर्यंत साठ पत्त्यांची यादी द्या. मी लगेच हो म्हटलं. तुझा आलेला नंबर वाया जाऊ द्यायचा नव्हता. बुधवारी शाळा सुटल्यावर तुमच्या घरी गेले. करुणाने तुझी रक्ताची पेटी, हेल्मेट, पावसाळी जॅकेट, सगळं काढून दाखवलं. पत्त्यांची डबी कुठेच नव्हती. ती थोडी ओशाळली आणि मग म्हणाली, "ताई, ते पत्ते माहुलला परब काकांकडे असतील. रक्त घ्यायला गेला की तिथे ठेवून यायचा, शनिवारी परत आणायचा. सावंतला सांगू नकोस म्हणाला होता, घरी येऊन मारेल म्हणाला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. म्हणजे ज्या आठवड्यात डेक तुझ्याकडे असायचा, त्या आठवड्यात तो तुझ्याकडे नसायचाच. मी इकडे रविवारी तुझ्या हातात डबी देताना पत्ते मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे, आणि मधले सहा दिवस तो माहुलमध्ये कुणा परबांच्या उशाशी. करुणाने चहा केला होता. तो मी प्यायले आणि तुझ्या फोटोकडे न बघता निघाले.

गुरुवारी माहुलची बस पकडली. रिफायनरीचा वास सुरू झाला तसं मी नाकाला पदर लावला आणि मनातल्या मनात भाषण तयार करायला लागले. तू नव्हतास, तर निदान परब काकांना सुनवायचं. तुम्ही मोठे आहात, पण वस्तू दुसऱ्याची आहे हे तुम्हाला कळायला हवं होतं, वगैरे. बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. सात मजले चढून जाईपर्यंत भाषणातली अर्धी वाक्यं धापा टाकण्यात गेली. तू दर पंधरा दिवसांनी पेटी घेऊन हे सात मजले चढायचास, हेही तू मला कधी बोलला नाहीस.

परब काका सत्तरीच्या पुढचे. आधी गिरणीत होते, मग वॉचमन. कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत म्हणून दर पंधरा दिवसांनी त्यांचं रक्त तपासावं लागतं. करुणाने फोनवर सगळं कळवलं होतं, त्यामुळे सुनेने दार उघडताच आत सांगितलं की बाबा, मिलिंददादाची पार्टनर आली. मला खाटेपाशी खुर्ची दिली. काकांच्या मांडीवर पोळपाट होता आणि पोळपाटावर आपले पत्ते. सात पत्ते वाटून घेतले होते आणि काका त्या पत्त्यांकडे बघत होते. खोलीत स्पिरिटचा वास होता. माझ्या भाषणाचं तिथेच काय ते झालं.

"बस गो बाय," काका म्हणाले. "तू सावंत. तुझो राग माका म्हायत आसा. मिलिंद सांगायचो."

त्यांनीच मग सगळं सांगितलं. चाळीस वर्षं मेंढीकोट खेळले, गिरणीच्या सुट्टीत, चाळीच्या गॅलरीत, गणपतीत गावी. मेंढीकोटला चार माणसं लागतात. त्यांचे तिन्ही गडी एकामागून एक गेले. एकदा तू रक्त घ्यायला आलास तेव्हा ते एकटेच चारही जणांचे पत्ते वाटून चौघांच्या वतीने खेळत होते. पुढच्या वेळी तू आपली डबी घेऊन गेलास. त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून एका वहीत प्रत्येक पत्त्याचं चित्र काढून त्याखाली मराठीत लिहिलंस, हा काय करतो, याला किती इंधन लागतं. ती वही त्यांनी मला दाखवली. तुझं कासव बटाट्यासारखं दिसतं. मी ती वही नीट बघू शकले नाही, म्हणून घाईघाईने पानं उलटली.

मी डेक घेऊन उठणार होते. काकांनी एक पत्ता बाजूला काढून माझ्यासमोर धरला. डोंगऱ्या. म्हणाले, "एक इचारू? ह्यो कित्याक ठेवलात तुम्ही? सात इंधन जमासर समोरचो जेवन हात धुता."

मी सांगितलं की काका, तो आमच्याकडचा सगळ्यात भारी पत्ता आहे.

"भारी आसा, पण हय कामाचो नाय. तुमची बाकीची सगळी मंडळी बारीक. दोन-तीन इंधनात कामाक लागतत. ह्या एकट्यासाठी तुम्ही इंधन वाढवून ठेवलात. ह्येका काढ, मगे बावीस पुरे."

मी खुर्चीवर परत बसले. मिलिंद, मला दोन मिनिटं लागली, पण कळलं, आणि कळल्यावर मला माझीच लाज वाटली. चोवीस इंधन मी कशासाठी मागत होते? डोंगऱ्या उतरावा म्हणून. तो हातात अडकून पडला की मला वाटायचं इंधन कमी पडलं. पत्ताच चुकीचा आहे असं एकदाही वाटलं नाही. दुकानातल्या एखाद्या पैसेवाल्या पोराने तो दुसऱ्या आठवड्यात काढून फेकला असता. आपल्यासारख्या माणसांनी जन्मात एकदा महाग वस्तू घेतली की ती उपयोगाची आहे हे सिद्ध करण्यात बाकीचा जन्म जातो. माझ्या आईने असाच एक मिक्सर घेतला होता, ज्यात चटणी कधी बारीक व्हायची नाही, पण पाटा-वरवंट्याला तिने परत हात लावला नाही.

मी काकांना म्हटलं की हे मिलिंदला सांगायला हवं होतं तुम्ही. त्यांनी डोंगऱ्या पोळपाटावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "त्याका म्हायत होता गो. मी त्याका कवाच सांगलंय. तो हसलो. म्हणालो, काका, मला पहिल्या महिन्यातच कळलंय. पण तो पत्ता हातात आला की ती हसते. वर्षभर हसली नव्हती. राहू दे."

डेक पिशवीत घालून मी सात मजले उतरले. बसस्टॉपवर येऊन बसले आणि एक बस सोडली, दुसरी सोडली. मला तुझा इतका राग कधीच आला नव्हता. मिल्या, पाच वर्षं तू माझ्याशी इंधनावरून भांडलास आणि पाच वर्षं तुला माहीत होतं की भांडण इंधनाचं नाहीच. एक वाक्य बोलायचं होतं, सावंत, डोंगऱ्या काढ. मी दोन आठवडे अबोला धरला असता, तिसऱ्या आठवड्यात ऐकलं असतं. मी काचेची आहे का? चेंबूरच्या पोटमाळ्यावरची सगळी पोरं मला घाबरतात, आणि तुला वाटलं मी एका पत्त्याने फुटेन. बरं, हसू आलेलं तू बघतोस हे मला कळलं असतं तर मी लाजून मेले असते. ते ऐकायला तिसऱ्या माणसाकडे, तेही माहुलच्या सातव्या मजल्यावर जावं लागलं. बसस्टॉपवरच्या बाईने विचारलं की कुणी वारलं का. मी हो म्हटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी तुझ्यासाठी नीट रडले आणि ते रागाने रडले.

शुक्रवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत यादी लिहायला बसले. डोंगऱ्या काढला. त्याबद्दल वाद नव्हता, तू आणि काका दोघांचं खरं होतं. पण डोंगऱ्या गेला तरी बावीस मला कमीच वाटत होते. आता मला नाही म्हणणारं कुणी नव्हतं. चोवीस लिहिले असते तर कुणी विचारणार नव्हतं. मग आठवलं की नंबर तुझा आहे, मी फक्त तुझ्या जागी बसतेय. तुझं ऐकायला हवं, निदान एक दिवस. म्हणून बावीस लिहिले. डोंगऱ्याच्या आणि एका इंधनाच्या मोकळ्या झालेल्या जागांवर तू कधीचा मागत होतास ते चौथं घुबड आणि आणखी एक कासव घातलं. खाली सही केली. संमती म्हणून धर.

रविवारी घाटकोपरच्या हॉलमध्ये पंख्याखालची जागा मिळाली. पहिल्या तीन फेऱ्या मी जिंकले. डोंगऱ्याशिवाय आपला डेक कसा चालतो हे मी पाच वर्षांत पहिल्यांदा बघत होते आणि कबूल करायला हवं, झकास चालतो. हलका झाल्यासारखा. दुसऱ्या फेरीतल्या पोराने तर विचारलं की आंटी, ही लिस्ट कुठल्या साइटवरून घेतली. मी म्हटलं, टेबलावरून. चौथी फेरी हरले, ती माझ्या घाईने. म्हणजे पाचवी जिंकली तर बंगळुरू, नाहीतर घरी.

पाचव्या फेरीला समोर बोरिवलीचा एक आयटीवाला होता, चष्मा, लॅपटॉपची बॅग, अगदी सभ्य. डेक असा की आपल्या दोघांचे वर्षभराचे बोनस त्यात जातील. पहिला डाव त्याचा, दुसरा माझा. तिसऱ्यात माझी सुरुवात छान झाली, तीन इंधन पटपट खाली आलं. चौथं आलं की संपत होता तो, माझ्या हातात सगळी तयारी होती. चौथं आलं नाही. घुबड टाकलं. घुबड टाकलं की गड्डीतले वरचे तीन पत्ते बघून त्यातला एक घेता येतो. तिन्हीत इंधन नाही. पुढच्या खेपेला कासव आलं. मग आणखी एक कासव. मग तुझं चौथं घुबड आलं, ते टाकलं, वरचे तीन बघितले. नाही. समोरचा शांतपणे एकेक पत्ता लावत गेला आणि मी भरलेला हात धरून बसले.

आणि मी मोठ्याने म्हटलं, "बघ. सांगत होते ना, बावीस कमी पडतात."

आयटीवाल्याने मान वर केली. मॅडम, मला म्हणालात का, असं विचारलं. मी नाही म्हणायला गेले आणि रडूच फुटलं. तो बिचारा घाबरला, त्याने पाण्याची बाटली पुढे केली, पंचांना बोलवू का विचारलं. मी मान हलवली, पत्ते खाली ठेवले आणि त्याच्याशी हात मिळवला.

हरल्याचं मला काही नाही. तुझ्या मताने खेळले, हरले, आणि माझं खरं ठरलं. पाच वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते. तू असतास तर लगेच म्हणाला असतास की एका डावावरून काही ठरत नसतं सावंत, शंभर डाव खेळून सांग. म्हणाला असतास की पहिलं घुबड तू एक खेप आधी टाकलंस. पत्ते नीट पिसले नाहीस. तीन फेऱ्या जिंकलीस तेव्हा बावीस पुरले ना, मग? हॉलमधून निघून घाटकोपरच्या बसस्टॉपपर्यंत चालताना तुझ्या बाजूची सगळी कारणं मी स्वतःच काढली, तुझ्या आवाजात, एकामागून एक, आणि मला ती तुझ्यासारखी मांडता येईनात. मी दरवेळी जिंकत होते. मिल्या, मला जिंकायचं नव्हतं रे. मला तू उलट बोलायला हवा होतास.